कायम भरलेली, कायम गरम: हॉटस्पॉटची बॅटरी फुगते कशी?

माझ्या हॉटस्पॉटचं, म्हणजे सिमकार्डवर वायफाय देणाऱ्या खिशात मावणाऱ्या यंत्राचं, मागचं झाकण महिन्याभरापूर्वी बसेनासं झालं. आधी वाटलं, खाच तुटली असेल. बॅटरी काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने हलकेच ढकलली, तर ती गरकन फिरली. वडीसारखी सपाट असायला हवी ती बॅटरी मधोमध उशीसारखी फुगली होती. दोन वर्षं हे यंत्र राउटरच्या डोक्यावर, चोवीस तास चार्जरला जोडून ठेवलेलं. कधी पडलं नाही, कधी भिजलं नाही. "बॅटरीवर तर ते कधी चाललंच नाही, मग बॅटरी गेली कशी?" घरात सगळ्यांचा हाच प्रश्न.

ती वापरली नाही, म्हणूनच गेली. बॅटरी टायरसारखी फक्त वापराने झिजते अशी आपली समजूत असते. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडूनही म्हातारी होते, आणि काठोकाठ भरून उबेत ठेवली तर फारच लवकर. दुसरी समजूत अशी की सतत चार्जिंगला लावल्याने तिच्यात 'जास्त वीज' भरली जाते. तसंही सहसा होत नाही. सेल (बॅटरीचा मूळ घटक) ४.२ व्होल्टला पोचला की चार्जिंगचं सर्किट प्रवाह कमी करत नेतं आणि शेवटी थांबवतं. बिघाड त्यानंतर, सगळं शांत दिसत असताना चालू असतो.

सेलमध्ये एका बाजूला ग्राफाइट, दुसऱ्या बाजूला कोबाल्ट-निकेलसारख्या धातूंचं ऑक्साइड, मधे सुमारे २० मायक्रॉन (मिलिमीटरचा पन्नासावा भाग) जाडीचा सच्छिद्र प्लास्टिकचा पडदा, आणि हे सगळं इलेक्ट्रोलाइट नावाच्या सेंद्रिय द्रवात भिजलेलं. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात.

आता मला ज्याचं कायम नवल वाटतं ती गोष्ट. हा द्रव भरलेल्या ग्राफाइटशेजारी खरं तर टिकूच शकत नाही. पूर्ण भरलेल्या ग्राफाइटचं विभव (विजेची पातळी) लिथियम धातूच्या जेमतेम ०.१ व्होल्ट वर असतं. द्रवातलं इथिलीन कार्बोनेट मात्र साधारण ०.८ व्होल्टच्या खालीच इलेक्ट्रॉन घेऊन तुटू लागतं. म्हणजे हिशेबाने पहिल्या काही चार्जिंगमध्येच द्रवाचा निकाल लागायला हवा. तो लागत नाही, कारण तुटलेल्या रेणूंचे अवशेषच ग्राफाइटवर साचतात आणि जखमेवर खपली धरावी तसा पापुद्रा तयार होतो. केसापेक्षा हजारपटीने पातळ. ही खपली लिथियमच्या आयनांना वाट देते, इलेक्ट्रॉनांना अडवते. इलेक्ट्रॉन पलीकडे पोचला नाही की द्रवाची मोडतोड थांबते. रसायनशास्त्रज्ञ इमॅन्युएल पेलेद यांनी १९७९ मध्ये तिला 'सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज' हे नाव दिलं. ती नसती तर ग्राफाइटची बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करताच आली नसती.

पण खपलीतूनही थोडे इलेक्ट्रॉन झिरपतातच. ते आणखी द्रव तोडतात, थोडं लिथियम खपलीत कायमचं अडकतं, आणि जोडीला इथिलीनसारखे वायू सुटतात. खपली जाड होईल तसा हा वेग मंदावतो. जाडी साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे दुप्पट व्हायला चौपट काळ. उष्णता मिळाली की मात्र सगळं भराभर चालतं. तिकडे ऑक्साइडच्या बाजूला उलटा प्रकार: ४.२ व्होल्टवर ते द्रवातून इलेक्ट्रॉन ओढून घेतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. बॅटरी थोडी उतरली की हा ताण हलका होतो. फोनची बॅटरी रोज उतरते. चार्जरला बांधलेल्या हॉटस्पॉटची कधीच नाही. शिवाय तिचं वेष्टण म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याची मऊ पिशवी. वायूला बाहेर वाट नाही, मग पिशवी फुगते.

काही जण याचं खापर वायफायच्या लहरींवर फोडतात. घरगुती राउटरच्या अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती साधारण ०.१ वॅट असते. यंत्र तापतं ते आतल्या प्रोसेसरने आणि व्होल्टेज बदलणाऱ्या सर्किटने. 'रेडिएशन शोषणारा' स्टिकर लावून बॅटरी वाचत नाही, आणि तो हवेच्या जाळीवर चिकटवला तर राउटर आणखी तापतो.

फुगलेली प्रत्येक बॅटरी पेटते असं नाही. पण आत कुठे शॉर्ट झालं तर साखळी अशी: ९० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान खपली स्वतःच तुटू लागते आणि त्यातून उष्णता निघते. १३० च्या आसपास पॉलिइथिलीनचा पडदा वितळतो, आणखी शॉर्ट होतात. २०० च्या पुढे कोबाल्टचं ऑक्साइड ऑक्सिजन सोडतं. आगीला लागणारा ऑक्सिजन बॅटरीतूनच मिळू लागतो, म्हणून नुसतं झाकून ती विझत नाही. भरपूर पाण्याने सेल थंड करावा लागतो. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये व्हेरायझन या दूरसंचार कंपनीचे सुमारे २५ लाख 'एलिप्सिस जेटपॅक' हॉटस्पॉट बॅटरी तापण्याच्या धोक्यामुळे परत मागवले गेले. तेव्हा दूरस्थ अपडेट पाठवून एक बदल केला गेला: यंत्र चालू आणि प्लगला जोडलेलं असताना बॅटरी चार्जच होणार नाही.

वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणाऱ्या मिनी यूपीएसमध्ये बहुधा १८६५० सेल असतात, १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांब. त्यांचा डबा धातूचा, तो असा फुगून इशारा देत नाही. बॅकअपचा वेळ घटत जाणं हीच खूण. खोक्यावरचं '१०,००० एमएएच' हे ३.७ व्होल्टचं असतं, म्हणजे ३७ वॅट-तास. १० वॅटच्या राउटरला, वाटेत वाया जाणारी वीज धरून, तीनेक तास. त्याहून मोठे दावे खरे मानू नयेत. पर्याय असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल घ्यावेत. त्यातला फॉस्फेट ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतो.

माझी फुगलेली बॅटरी टोचली नाही, दाबली नाही, पुन्हा चार्जिंगला लावली नाही. घराबाहेर फरशीवर, जळण्याजोगं काही जवळ नसेल अशी ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ई-कचरा केंद्रात दिली. कचऱ्याच्या गाडीत अशी बॅटरी चिरडली गेली तर तिथेच पेटू शकते. नव्या बॅटरीचं चार्जिंग आता टायमरवर आहे, दिवसातून एकच तास. जागा बदलण्याआधी थर्मामीटर लावून पाहिला: राउटरच्या डोक्यावर ४६ अंश, शेजारच्या फळीवर ३१. तो पंधरा अंशांचा फरक ती खपली दोन वर्षं सोसत होती.