आईच्या खिडकीतला कडुनिंब

आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पहिले दोन दिवस तिच्या बेडसमोरच्या खिडकीत नुसती भिंत आणि एसीची डबडी दिसायची, मग बेड बदलून मिळाला आणि समोर कडुनिंब आला. आई म्हणाली, "इथे जरा बरं वाटतंय गं." औषधं तीच होती, त्यामुळे मी म्हटलं मनाचं काहीतरी असेल. पण नंतर वाचलं आणि अंगावर काटाच आला, कारण अगदी हाच प्रश्न एका शास्त्रज्ञाने तपासलाय आणि तोही पित्ताशयाच्याच पेशंटवर!

रॉजर उल्रिच त्यांचं नाव. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलचे 1972 ते 1981 चे रेकॉर्ड काढून त्यांनी पेशंटच्या 23 जोड्या लावल्या. वय, वजन, सिगरेटची सवय असं सगळं जुळणारे दोघेदोघे, फक्त एकाच्या खिडकीत झाडं आणि दुसऱ्याच्या खिडकीत विटांची भिंत. झाडंवाले सरासरी 7.96 दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना 8.70 दिवस लागले. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की झाडंवाल्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. 1984 मध्ये हे 'सायन्स' मासिकात आलं. 46 माणसं म्हणजे फार नाहीत, आणि एकट्या आईवरून तर काहीच सिद्ध होत नाही, तरी वॉर्डात बेड कुठे टाकायचा हे ठरवताना कुणीतरी हा विचार करावा असं मनापासून वाटतं.

असं का होतं? मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी सांगितलंय की रस्ता ओलांडताना, फोनवर, हिशोब करताना आपण लक्ष जोर लावून धरून ठेवतो आणि ते थकतं. हलणारी पानं, खारूताई, पाणी यांच्याकडे लक्ष आपसूक जातं, जोर लागत नाही, तेवढ्या वेळात थकलेला भाग विसावतो. किती वेळ लागतो म्हणाल तर इंग्लंडमधल्या जवळपास 20,000 लोकांच्या 2019 च्या अभ्यासात आठवड्याला 120 मिनिटं तरी निसर्गात घालवणारे लोक स्वतःची तब्येत जास्त चांगली सांगत होते, मग ती मिनिटं एकदम असोत की तुकड्यातुकड्यात. अर्थात ज्यांची तब्येत चांगली तेच बाहेर जास्त पडतात असंही असू शकतं.

पण झाड एकट्या माणसापाशी थांबत नाही. शिकागोमध्ये गरिबांसाठी बांधलेल्या सरकारी इमारती होत्या, एकसारख्या, काहींच्या खाली झाडं, काहींच्या खाली नुसतं सिमेंट, आणि कुणाला कुठली इमारत मिळणार हे भाडेकरूच्या हातात नसायचं. फ्रान्सेस कुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे बघितलं तर झाडांच्या इमारतीतल्या बायका शेजाऱ्यांना जास्त ओळखत होत्या, एकमेकींच्या मदतीला जास्त येत होत्या. साधं आहे हो, सावली असली की माणूस खाली येऊन बसतो, आणि बसला की बोलतो.

आपल्या बडोद्याचं तर नावच वडावरून आलंय. वटपौर्णिमेला एकाच वडाला मराठी बायका आणि गुजराती बेन सूत गुंडाळतात, तेव्हा कोण कुठली हे कुणी विचारत नाही. (फांदी तोडून घरी आणून पूजा करू नका गं, झाडापाशी जा, तिथे चार जणी भेटतात तरी.)

ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यापासून मी आईला रोज सकाळी कमाटीबागेत न्यायला लागले. एका बाकावर एक बेन बसायच्या, त्या रोज विचारायच्या, "आजे केटलुं चाल्या?" आणि आई अर्ध्या मराठीत अर्ध्या गुजरातीत पावलांचा हिशोब द्यायची. आठ दिवसांनी कळलं की त्या दांडिया बाजारात आमच्याच गल्लीत राहतात, अकरा वर्षं! मध्ये दोन दिवस धो धो पाऊस झाला, आई गेली नाही, तर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला खाली बेल वाजली आणि बघते तर बेन छत्री घेऊन उभ्या, आईला न्यायला.