अपडेट पेनड्राइव्हवरून नेऊ नका
(आमचं बिलिंग-स्टॉक सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कृषी सेवा केंद्रांसाठी)

खरिपाच्या तोंडावर आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते एकाच तक्रारीचे: "काल अपडेट टाकलं, आज एका काउंटरवर प्रोग्रॅम उघडतच नाही." चौकशी केली की कळतं, अपडेट शेजारच्या संगणकावरून पेनड्राइव्हने आणलेलं असतं.

डेटाची फाइल सर्व्हरवर एकच आणि प्रोग्रॅमची फाइल प्रत्येक काउंटरवर वेगळी, हे तुम्हाला माहीत आहेच. आमचा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसवर, म्हणजे ऑफिसमधल्या डेटाबेस प्रोग्रॅमवर चालतो. प्रोग्रॅमची फाइल आम्ही एसीसीडीई (ACCDE) करून, म्हणजे कोड बंद करून देतो. ३२ बिट ॲक्सेसवर बनवलेली अशी फाइल ६४ बिटवर उघडत नाही. ६४ ची ३२ वरही नाही. जुन्या काउंटरवर बहुधा ऑफिस २०१०, ३२ बिट असतं; नव्या लॅपटॉपवर ६४ बिट येतं. "आमचं विंडोज ६४ बिट आहे" असं सांगून भागत नाही, कारण त्यावर ३२ बिट ऑफिस खुशाल चालतं. ॲक्सेसच्या फाइल मेनूत अकाउंट, मग 'अबाउट ॲक्सेस' उघडा. तिथे बिट लिहिलेले असतात. २०१० मध्ये हेच 'हेल्प'मध्ये दिसतं.

मागच्या हंगामात एका दुकानात चिरंजीवांनी लॅपटॉपवर चालणारी ६४ बिट फाइल 'सगळ्यांनाच मिळू दे' म्हणून सर्व्हरवरच्या '३२' फोल्डरमध्ये टाकली; ३२ बिट काउंटर अपडेट तिथूनच घेतात. सकाळी चारही काउंटरांनी इमानेइतबारे तीच ओढून घेतली आणि चारही बंद. बाहेर सोयाबीनच्या बियाण्याला रांग. आम्ही पोहोचेपर्यंत बिलं हातानेच फाडली.

तेव्हा प्रोग्रॅम डेस्कटॉपवरच्या आमच्या आयकॉनवरूनच सुरू करा. तो आवृत्ती क्रमांक तपासतो आणि त्या संगणकाला जुळणारी फाइल स्वतः आणतो. अर्धा मिनिट लागतो, तेवढा धीर धरा.

"कोड उघडा ठेवा, एकच फाइल सगळीकडे चालेल," असं काही जाणकार सुचवतात. चालेलही. पण मग जीएसटीचं गणित कोणी बदललं हे शोधत आम्ही बसायचं. शिवाय नव्या ऑफिसमध्ये उघडलेली फाइल जुन्यावर परत नेली की एक्सेल-आउटलुकशी जोडणारे दुवे (रेफरन्स) तुटतात आणि साधी तारीखसुद्धा अडते. त्यापेक्षा प्रत्येक सुधारणेच्या दोन फायली करणं परवडतं. त्यासाठी ऑफिस २०१० असलेला एक जुना संगणक आम्ही अजून जपून ठेवलाय.

डेटा फाइलमध्ये हौसेने 'लार्ज नंबर' (फार मोठ्या आकड्यांसाठीचा) प्रकारचा रकाना वाढवू नका. ऑफिस २०१० ला ती फाइलच उघडणार नाही.

प्रत्येक काउंटरसाठी ॲक्सेस विकत घ्यायची गरज नाही. ॲक्सेसच्या मोफत रनटाइमवर, म्हणजे तयार प्रोग्रॅम नुसता चालवणाऱ्या आवृत्तीवर, आमचा प्रोग्रॅम चालतो. वार्षिक देखभाल करारात हा रनटाइम आम्हीच टाकून देतो, वेगळे पैसे नाहीत. फक्त रनटाइमचे बिट आधीच्या ऑफिसशी जुळावे लागतात, म्हणून नवा संगणक घेतलात की ऑफिस टाकायच्या आधी एक फोन करा. टाकलेलं काढून पुन्हा टाकायचं म्हणजे दुकानाचा अर्धा दिवस जातो.