तरंडा (गळाचा)

तरंडा : गळाच्या दोरीला बांधलेली, पाण्यावर तरंगणारी हलकी वस्तू. आमिष ठरावीक खोलीवर लोंबते ठेवणे आणि माशाने त्याला तोंड लावल्याचे काठावर बसलेल्याला दाखवणे, ही तिची मुख्य कामे. फेकीला वजन मिळते हा तिसरा फायदा. दुकानात मागायचा शब्द ‘फ्लोट’. काठावर कोणी ‘भेंड’ म्हणतो, कोणी ‘बोया’. जाळ्याच्या वरच्या दोरावर ओवतात त्या तरंडांचा विचार येथे केलेला नाही.

व्युत्पत्ती : ‘तरंड’ हा शब्द संस्कृत ‘तॄ’ (तरणे) या धातूवरून आला आहे. कोशांत त्याचे गळाच्या दोरीवरचा तरंगता तुकडा, उपड्या घागरी किंवा भोपळ्यांवर बांधलेला ताफा आणि होडी असे अर्थ दिलेले आढळतात. यांतला मूळ अर्थ कोणता याविषयी दोन तऱ्हांनी विचार करता येतो. ताफा आधीचा आणि गळावरची वस्तू त्याच्या सादृश्याने नाव पावलेली, ही एक तऱ्हा. ‘जे तरते ते’ एवढ्याच अर्थाने दोन्हींना स्वतंत्रपणे नाव मिळाले, ही दुसरी. धातूचा अर्थ दोन्हींना सरळ लागत असल्याने दुसरी अधिक सोपी वाटते. ‘करंड’, ‘वरंड’ अशा ‘ण्ड’कारान्त शब्दांच्या मुळाशी आर्येतर भाषा असाव्यात असा काही भाषाशास्त्रज्ञांचा कयास आहे, ‘तरंड’च्या बाबतीत तो ओढून आणण्याची गरज दिसत नाही. ‘बोया’ हा इंग्रजी ‘बॉय’ (buoy) या शब्दावरून आला असे कधी कधी म्हटले जाते, पण शेवटचा ‘आ’ आणि शब्दाचा किनारपट्टीवरील वावर पाहता पोर्तुगीज ‘बोइया’ हे मूळ अधिक संभवनीय.

‘भेंड’चा घोळ निराळा आहे. दलदलीत वाढणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीचा पांढरा, हलका गाभा म्हणजे भेंड. इंग्रजी अमदानीतल्या साहेबी टोप्या याच्याच (पुढे ‘सोला’चे ‘सोलर’ झाले आणि टोपीचा संबंध उन्हाशी जोडला गेला). ज्वारीच्या ताटातल्या गाभ्यालाही भेंडच म्हणतात. सोलापूरसारख्या कोरड्या मुलखात दुसरा अर्थच जिवंत असणे स्वाभाविक आहे. गळाशी संबंध नसला तरी ‘सांगड’ याच घरातला शब्द. नदी उतरण्यासाठी भोपळे किंवा होड्या एकत्र बांधत ती सांगड. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार तिथून आला.

इतिहास : कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कार. सु. ११२६–३८) याच्या मानसोल्लासात मत्स्यविनोद नावाचा भाग आहे. त्यात माशांचे सुमारे ३५ प्रकार, त्यांना चारायचे खाद्य, काठी, दोरी आणि गळ यांची चर्चा येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. ग्रंथाचा काळ ११२७ ते ११३१ असा वेगवेगळा दिला जातो. ज्योतिषगणितात शके १०५१चा उल्लेख असल्याने ११२९–३१ हा अधिक ग्राह्य धरावा. कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेचे बसवकल्याण, आणि सोलापूरचा प्रदेश त्याच राज्यात होता. तेव्हा राजाच्या गळाला लागलेल्या माशांपैकी काही भीमेच्या खोऱ्यातले असणे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळविषयक प्रबंधात बुचाच्या तरंडाला तापल्या सळईने भोक पाडण्याची रीत सांगितली आहे. नंतरच्या काळात हंसाच्या आणि मोराच्या पिसाचा दांडा, साळिंदराचा काटा, बाल्सा लाकूड आणि शेवटी प्लॅस्टिक असे पदार्थ वापरात आले. ब्रिटनमध्ये ‘सरकंडा’ नावाने विकले जाणारे बोरूचे तरंडे असतात. ते बोरू आणि ते नाव, दोन्ही उत्तर हिंदुस्थानातून तिकडे गेलेली. आपल्याकडे साळिंदर आणि मोर यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने काटा किंवा पीस यांच्या मोहात न पडणे बरे.

तोल आणि शिसे : तरंडा किती संवेदनक्षम हे त्याच्या एकूण आकारापेक्षा पाण्याच्या रेषेवरच्या जाडीवर ठरते. ३ मिमी. जाडीचे टोक १ सेंमी. बुडायला सु. ०·०७ ग्रॅम ओढ पुरते, १० मिमी. जाडीच्या तुकड्याला त्याच १ सेंमी.साठी सु. ०·७९ ग्रॅम लागते, म्हणजे अकरा पट. म्हणून अंगठ्याएवढा जाड तुकडा लावून बसलेल्याचे आमिष चिलापी (तिलापिया मासा) हळूच कुरतडून नेते आणि वर काहीच हलत नाही. उपाय एकच : टोक सोडून सगळा तरंडा बुडेल इतके शिसे दोरीला चिमटायचे. विकतच्या तरंडावर हे वजन ग्रॅममध्ये किंवा छर्‍यांच्या इंग्रजी खुणांत लिहिलेले असते, ‘एसएसजी’ सु. १·६, ‘एएए’ ०·८, ‘बीबी’ ०·४ ग्रॅम. ‘४ एएए’ म्हणजे ३·२ ग्रॅम. या खुणा बंदुकीच्या काडतुसातल्या छर्‍यांवरून आल्या. राजहंस शिसे गिळून मरतात म्हणून ब्रिटनने १९८७ पासून गळासाठी लहान शिशाच्या गोळ्यांवर बंदी आणली. आपल्याकडे शिसेच चालते.

निवड : मुख्य प्रश्न तरंडा दोरीला किती ठिकाणी बांधायचा हा. साचलेल्या पाण्यात तो फक्त खालच्या टोकाला अडकवतात (इंग्रजीत वॅगलर). दोन्ही बाजूंना शिसे चिमटून तो जागेवर धरतात आणि एकूण वजनापैकी बहुतेक तिथेच ठेवतात. फेकल्यावर काठीचे टोक पाण्यात घालून तंगूस (गळाची नायलॉन दोरी) थोडा गुंडाळला की दोरी बुडते आणि वार्‍याला धरायला काही उरत नाही. वाहत्या पाण्यात वरखाली दोन ठिकाणी रबरी नळीने बांधलेला, डोक्याकडे जाड असा तरंडा घेतात. दोरी रोखून धरली की तो मागे राहतो आणि आमिष पुढे जाते. पाणी काठीपेक्षा खोल असेल तर सरकता तरंडा : तो दोरीवर मोकळा सोडतात, आणि हव्या त्या खोलीवर दोर्‍याची गाठ व मणी लावून त्याला अडवतात.

सोलापूर जिल्ह्यात ही निवड जुन्या नदीपात्राने जितकी ठरते तितकीच धरणाने. माढा तालुक्यातील उजनी (यशवंतसागर) धरण १९८० साली पूर्ण झाले, साठवण सु. ११७ टीएमसी, त्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा. पूर्वी डोहांत आणि उथळ पात्रात चालणारे गळ त्यानंतर उघड्या, वारा खाणार्‍या जलाशयाच्या काठी आले. खाली भीमेत वर्षाचा बराच काळ बंधार्‍यांमागे साचलेले पाणी असते. सोलापूर शहरासाठी औज बंधार्‍याकडे पाणी सोडले की तेच पात्र काही दिवस वाहते होते आणि वॅगलर काढून ठेवावा लागतो. शहराजवळचा हिप्परगा (एकरुख) तलाव १८७१च्या सुमाराचा. तिथे दुपारच्या वार्‍याचा त्रास अधिक.

देशी तरंडा ज्वारीचाच. मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रात निवडलेल्या मालदांडीच्या उंच ताटाचे चिपाड घ्यायचे, बोटाएवढा तुकडा कापायचा, उभी चीर देऊन तीत तंगूस बसवायचा. साल पूर्ण सोलली तर भेंड लवकर पाणी पितो. साल ठेवली तर पाणी कापलेल्या टोकांतूनच शिरते आणि तुकडा जास्त टिकतो. तरी तासाभरात तो खाली बसू लागतो, आणि नवखा माणूस मासा लागला समजून झटका देतो. जुन्या स्लिपरचा तुकडा पाणी पीत नाही, पण जाड असतो. वरचे गणित तिथे लागू पडते.

खोली माशावर ठरते. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरतो. तळाच्या माशासाठी शेवटचे शिसे गळापासून ५–८ सेंमी.वर तळाला टेकवून ठेवतात. मासा आमिषासह शिसे उचलतो तेव्हा तरंडा बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो, आणि झटका तेव्हाच द्यायचा असतो. जलाशयातील मासेमारी ठेका व परवान्याच्या अटींनी बांधलेली असल्याने गळ टाकण्यापूर्वी त्या पाहाव्यात.

उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरले, की गेल्या पावसाळ्यात गाठीला नेमलेली खोली निरुपयोगी ठरते. वरच्या अंगाला इंदापूर तालुक्यात पळसदेवचे बुडालेले मंदिर तेव्हा उघडे पडते. ते दिसू लागले की गाठ पुन्हा मोजून बांधावी लागते.