लिव्हर उघडताना जड की मिटताना?

हवेचा सिलिंडर नाही, गॅसची कुपी नाही, हाताने एकदा लिव्हर फिरवायची आणि छर्रा मारायचा. एवढं दिसलं की ते एअर पिस्तूल ‘स्प्रिंगचं’ असं सरसकट ठरवून टाकतात. विकणारे ठरवतात, घेणारेही ठरवतात. मग स्प्रिंगचे नियम भलत्याच यंत्राला लावले जातात आणि त्या यंत्राच्या सवयी स्प्रिंगच्या पिस्तुलावर चालवल्या जातात. दुसऱ्या प्रकारात स्प्रिंग असली तरी छर्ऱ्याला ढकलणारी नसते. त्यात लिव्हरच्या एकाच फेऱ्यात दाबून ठेवलेली हवा छर्रा ढकलते. त्याला सिंगल स्ट्रोक न्यूमॅटिक म्हणतात.

गोंधळ का होतो ते जर्मनीच्या वायरॉख कंपनीची दोन पिस्तुलं शेजारी ठेवली की कळतं. एचडब्ल्यू ४५ स्प्रिंग-पिस्टनचं, एचडब्ल्यू ४० सिंगल स्ट्रोक. अमेरिकेत हीच दोन बीमन पी१ आणि पी३ या नावांनी विकली गेली. दोन्हींत वरचा भागच लिव्हर: घोडा (हॅमर) मागे घेऊन तो मोकळा करायचा, पुढच्या बिजागरीवर वर उचलायचा आणि परत खाली बसवायचा. लांबून पाहणाऱ्याला कृती एकच वाटते. हातात घेतल्यावर मात्र ओळखायला पाच सेकंद पुरतात. एचडब्ल्यू ४५ उघडताना जोर लागतो आणि मिटताना काहीच नाही, कारण उघडतानाच स्प्रिंग दबते. एचडब्ल्यू ४० अलगद उघडतं आणि मिटताना जड जातं, शेवटच्या दोन-तीन बोटांच्या अंतरात सगळ्यात जास्त, कारण तिथे हवा दाबली जात असते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दांडा खाली ढकलला तर शेवटी जसा अडतो, तसंच.

स्प्रिंगचं काम बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून थोडक्यात. लिव्हरने पिस्टन ओढला जातो, स्प्रिंग दबते, सिअर, म्हणजे ट्रिगरने सुटणारी खीळ, पिस्टनला अडकवून ठेवतं. इथवर हवा दाबलेलीच नसते. ट्रिगर दाबल्यावर पिस्टन सुटतो, हवा दाबत जातो आणि ती बारीक भोकातून छर्ऱ्यामागे येते. सिंगल स्ट्रोकमध्ये हवा आधीच दाबून व्हॉल्व्हमागे तयार असते आणि ट्रिगर फक्त तो व्हॉल्व्ह उघडतो. म्हणजे खरा फरक हवा ट्रिगरच्या आधी दाबली जाते की नंतर, एवढाच. पण बाकी सगळं त्यातूनच येतं.

पहिली गोष्ट पकड, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. स्प्रिंगच्या पिस्तुलात ट्रिगर सुटल्यावर लोखंडाचा एक जड तुकडा आत धावू लागतो. तो ज्या बाजूला धावतो त्याच्या उलट बाजूला पिस्तूल सरकतं. टोकाला दाबलेल्या हवेवर तो अडखळला की धक्का उलटतो. पहिली हालचाल होते तेव्हा छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे छर्रा कुठे जाणार हे नेम जितकं ठरवतो तितकंच हाताने पिस्तुलाला किती सरकू दिलं हेही ठरवतं. मूठ आवळली की छर्रे एका जागी, सैल सोडली की दुसऱ्या जागी, आणि प्रत्येक वेळी वेगळी धरली तर कागदभर. अशा वेळी लोक साइटचे, म्हणजे नेम धरायच्या खुणेचे, स्क्रू फिरवत बसतात. साइटला हात लावायच्या आधी सलग दहा छर्रे एकाच मऊ पकडीने मारून बघा. हात मिळवताना देतो तेवढाच दाब, अंगठा टेकलेला पण दाबलेला नाही, मनगट ताठ. टेबलावर टेकून मारायचं तर हात टेकवा, पिस्तुलाचं अंग लाकडावर टेकवू नका. लाकडावरून ते उसळतं आणि नेम हमखास बदलतो.

सिंगल स्ट्रोकमध्ये धावणारा जड भाग नाही, फक्त व्हॉल्व्हवर बसणारी छोटी टकटक. तिथे १० मीटरच्या खेळातली नेहमीची घट्ट, एकसारखी मूठ चालते आणि तीच हवी. स्प्रिंगवर शिकलेले लोक तिथेही पिस्तूल बोटांवर तरंगत ठेवतात आणि नळी डोलत राहते. ‘धक्का नाही म्हणजे फॉलो-थ्रूची गरज नाही’ हाही गैरसमज. एचडब्ल्यू ४० चा छर्रा सेकंदाला जेमतेम १२०-१२५ मीटरने निघतो. नळीत तो रेंगाळतो, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावरही क्षणभर नेम तसाच धरून ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट, छर्ऱ्याशिवाय मारणं. स्प्रिंगमध्ये छर्रा नसेल तर समोर अडवणारी हवा टिकत नाही, पिस्टन सिलिंडरच्या टोकावर धाडकन आपटतो, हवा अडवणारं सील फाटतं, स्प्रिंग वाकते. वेगाचा मोठा आकडा दाखवायला विकतात ते अतिहलके छर्रेही याच वाटेने नेतात, ते मला अजिबात पटत नाहीत. एकदा ताणलेली स्प्रिंग छर्रा घालून, छर्रे अडवणाऱ्या पेटीत मारूनच उतरवायची. सिंगल स्ट्रोकमध्ये रिकामं मारलं तर हवा निघून जाते, आणखी काही होत नाही. रशियन आयझेडएच-४६ मध्ये तर पंप न करता नुसती ब्रीच, म्हणजे छर्रा घालायचं नळीचं मागचं तोंड, उघडून ट्रिगर चढतो आणि घरी भिंतीसमोर ड्राय प्रॅक्टिस, म्हणजे छर्ऱ्याशिवाय सराव, करता येते. हे करता येतं म्हणून स्प्रिंगवरही करणारे कमी नाहीत. मग बिल येतं.

‘दोनदा पंप केला की जोर वाढतो’ हे ऐकून कान किटले आहेत. नाव सिंगल स्ट्रोक आहे. लिव्हर परत उघडली की आधीची हवा पसरते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. शिवाय भरलेली लिव्हर अर्धवट सोडली तर ती उसळून बोटांवर येते. स्प्रिंगमध्ये धोका उलट बाजूला आहे: उघडून छर्रा घालताना सिअर निसटलं तर वरचा भाग फटकन मिटतो. म्हणून दोन्हींत छर्रा बसेपर्यंत दुसरा हात लिव्हरवरून काढायचा नाही.

तेलाबद्दल. स्प्रिंगच्या सिलिंडरमध्ये शिवणयंत्राचं तेल सोडलं की दाबाने तापलेली हवा ते पेटवते. धूर येतो, आवाज मोठा होतो, आणि लोक खूश होतात की ताकद वाढली. त्यात सील जळत असतं. चामड्याचं सील असेल तर योग्य तेलाचा एखादा थेंब, कृत्रिम सीलला काही नको. सिंगल स्ट्रोकच्या सीलला मात्र सिलिकॉन तेलाचा थेंब अधूनमधून लागतो. बरेच दिवस पडून असेल तर आधी चार-सहा अर्धवट पंप मारून सील मऊ करून घ्या. पंप केल्यावर दाबलेली हवा थंड होते आणि दाब उतरतो, म्हणून प्रत्येक छर्रा पंपानंतर साधारण तेवढ्याच वेळाने मारा. एक पाच सेकंदांत आणि दुसरा मिनिटाने मारला तर उंचीत फरक पडतो. भरून तासभर ठेवायचं तर मुळीच नाही.

वजन, ताकद, साइट यांत सांगण्यासारखं फार नाही. एचडब्ल्यू ४५ जड आणि जास्त जोराचं, एचडब्ल्यू ४० प्लास्टिकच्या अंगाचं आणि हलकं. रेड डॉट (लाल ठिपक्याची साइट) लावायचा असेल तर स्प्रिंगवर साधा स्वस्त डॉट टिकत नाही, दुहेरी धक्क्याने त्याच्या आतले भाग ढिले होतात. भारतात दोन्ही ४.५ मिलिमीटरमध्ये आणि २० ज्यूलच्या बऱ्याच खाली असतात, त्यामुळे २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या बाबतीत दोघांत फरक पडत नाही. चष्मा मात्र दोन्हींना सक्तीचा. कडक फळीवरून छर्रा परत येतो.

एक अपवाद सांगायलाच हवा, कारण जाणकारही इथे अडखळतात. १९६५ चं फाइनवेर्कबाउ ६५ हे पिस्तूल स्प्रिंगचं असूनही हातात धक्का देत नाही. त्यात नळी आणि सिलिंडर मुठीवरच्या रुळांवर सरकतात आणि धक्का तिथेच जिरतो. धक्का नाही म्हणून ते सिंगल स्ट्रोक समजून रिकामं मारू नका. बाजूची लिव्हर ओढून बघा, ओढताना जड लागते.

१० मीटरचा सराव करायचा असेल तर सरळ सिंगल स्ट्रोक घ्या. ‘आधी स्प्रिंगवर हात बसव’ हा सल्ला अर्धाच खरा आहे, त्यात नवखा माणूस पकडीच्या चुका साइटवर ढकलायला शिकतो. वापरलेलं घेताना एचडब्ल्यू ४० किंवा आयझेडएच मिटताना शेवटचा जडपणा जाणवतो का पाहा. जाणवला नाही तर सील गेलं आहे. जाणवला तर भरून मिनिटभर थांबा आणि मग मारा. त्याच छर्ऱ्याने लगेच मारलेल्यापेक्षा आवाज स्पष्टपणे मंद आला, तर व्हॉल्व्ह गळतो आहे. स्प्रिंगच्या पिस्तुलात तुटलेली स्प्रिंगही छर्रा फेकत राहते, म्हणून ओढताना आतून करकर ऐकू येते का तेवढं लक्ष देऊन ऐका.