धुऱ्यावरची पाच मिनिटं

डवरणीच्या दिवसांत दुपारी बैल लिंबाखाली उभे केले की मामा धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, टेकायचे आणि हात आपसूक खिशातल्या बिडीच्या बंडलावर जायचा. "दोन झुरके मारले का जीव थंडा होते," म्हणायचे.

यवतमाळकडच्या कोणत्याही वावरात हे वाक्य ऐकू येईल. पण जीव खरंच थंड होतो का? तंबाखूतलं निकोटीन तर उलट हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवतं. झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत ते मेंदूत पोहोचतं, डोपामिन हे सुखावणारं रसायन सुटतं, बरं वाटतं. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटीन निम्म्यावर येतं आणि त्याला सरावलेला मेंदू कुरकुर करू लागतो. चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. हीच तलफ. पुढची बिडी ती मिटवते, म्हणून ती आराम देणारी वाटते. खरं तर मागच्या बिडीनं लावलेली बेचैनीच ती तात्पुरती शमवत असते.

तरी मामा अगदीच चुकत नव्हते. तेंदूपत्ता सहज जळत नाही. ओढत राहिलं नाही तर बिडी विझते. त्यामुळे बिडी ओढणारा सारखे लांब झुरके घेतो आणि सावकाश सोडतो. श्वास सोडताना व्हेगस हा मज्जातंतू हृदयाला आवरतो, ठोके मंदावतात. सावलीत बसणं आणि लांब श्वास, हा आराम खराच होता. नाव मात्र बिडीचं होत होतं.

मग धूर वगळून तेवढंच ठेवता येईल? येतं. एकेक तलफ बहुधा तीन ते पाच मिनिटांत ओसरते, तेवढाच वेळ काढायचा असतो. चार मोजेपर्यंत नाकानं श्वास घ्यायचा, आणि बशीतला चहा निववताना फुंकतो तसा ओठांचा चंबू करून सहा मोजेपर्यंत सोडायचा. गरगरलं तर थांबायचं. दुसरी युक्ती एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरची. 1929 साली त्यांनी ती पुस्तकात मांडली: स्नायू आधी ताणायचे, मग एकदम सैल सोडायचे. मामांना मी ती कासऱ्यावरून समजावली. बैल उधळल्यावर धरता तशी मूठ आवळा, पाच मोजा, सोडा. मग खांदे, मग जबडा. ताण सुटल्याचं अंगाला कळतं, आणि तोवर हातही रिकामा राहत नाही.

एवढ्यानं सगळ्यांचं भागत नाही, हेही सांगायला हवं. पहिले दोन-तीन दिवस फार जड जातात, झोप उडते, आणि हा त्रास दोन ते चार आठवडे पुरतो. उठल्या उठल्या बिडी लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून निकोटीनच्या गोळ्या-च्युइंगमची जोड घ्यावी. सरकारची 1800-11-2356 ही मोफत फोनसेवाही आहे. तिथले समुपदेशक सोडण्याचा दिवस ठरवण्यापासून सोबत करतात.

मामांनी पोळ्यानंतर बिडी सोडली. दुपारची तलफ आता येतच नाही म्हणतात. रात्री जेवणानंतरची मात्र चिवट आहे. तेव्हा ते अंगणात बाजेवर बसून मुठी आवळतात, आणि शेजारी बसलेला नातू मोठ्यानं आकडे मोजतो.