वास पेट्रोलचा, पण गाडी चालू होईना

आषाढातली गोष्ट. कोल्हापूरच्या राजारामपुरीत मामांच्या गल्लीत गॅसचा टेम्पो अडला, म्हणून मामांनी गाडी चालू केली, दहा फूट मागे घेतली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी उठेना. सेल्फ मारून मारून बॅटरी बसायला आली. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपकारा. मामा म्हणाले, "पेट्रोल तर येतंय की रं! मग चालू का होईना?"

पेट्रोल जास्त आलंय, म्हणूनच होईना. द्रव पेट्रोल पेटत नाही, पेटते त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. वजनाने एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते. हवेत वाफेचं प्रमाण आकारमानाने साधारण 7.6 टक्क्यांच्या वर गेलं, की ठिणगी पडूनही पेट घेत नाही. चुलीत जळण ठासून भरलं की नुसता धूर कोंडतो, तसंच. त्यात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर काजळी आणि पेट्रोलचा ओला थर बसला, की वीज फटीतून उडी न मारता त्या थरावरून निसटून जाते.

दहा फुटांनी एवढं कसं झालं? थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा कॉम्प्युटर सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. इंजिन तापायच्या आत बंद केलं, तर ते जास्तीचं पेट्रोल प्लगवरच राहतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत कारण बहुतेक वेळा वेगळं असायचं. वाटीतला फ्लोट फुटून बुडायचा किंवा पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली कचरा अडकायचा, आणि गच्चीवरच्या टाकीचा बॉल बिघडल्यावर पाणी वाहतं तसं पेट्रोल वाहत राहायचं.

उद्यमनगरातले जुने मिस्त्री अशा वेळी आल्या आल्या सेल्फ मारत नाहीत, आधी प्लग काढतात. ही सवय मला फार मोलाची वाटते, कारण अर्धं निदान तिथंच होतं. प्लग कोरडा आणि वास नाही, तर पेट्रोलच पोचत नाही. चारांतला एकच ओला, तर त्याच सिलिंडरचा इंजेक्टर, म्हणजे पेट्रोल फवारणारा भाग, गळतोय किंवा ठिणगी नाही. चारही ओले, तर दोष सगळ्यांना सामायिक असलेल्या जागी.

मामांचे चारही ओले होते. पुसून, वाळवून परत बसवले. मग ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरला आणि सेल्फ मारला. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत पेडल असं दाबलं की कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि आत नुसती हवा जाते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, नाहीतर स्टार्टर तापतो. तिसऱ्या खेपेला काळा धूर ओकत गाडी सुरू झाली.

पण दोनच दिवसांनी पन्हाळ्याहून येताना मामा बिंदू चौकात गाडी लावून अंबाबाईच्या दर्शनाला गेले, आणि परत आल्यावर तेच. इंजिन गरम, प्लग ओले. आता दहा फुटांवर खापर फोडता येत नव्हतं. मी कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, तापमान सेन्सरला मीटर लावला. या सेन्सरचा विजेला होणारा रोध गरम होईल तसा कमी होतो: 20 अंशांना साधारण अडीच हजार ओहम, 80 अंशांना तीनेकशे. हात लावता येईना एवढ्या गरम इंजिनावर मीटर दोन हजारांच्या आसपास दाखवत होता. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी इंजिन थंडच, आणि तो इमानाने जादा पेट्रोल ओतत होता. डॅशबोर्डवर दिवाही लागला नाही, कारण वायर तुटली तर कॉम्प्युटरला कळतं. पण सेन्सरने पटेल असा चुकीचा आकडा दिला तर तो बहुतेक वेळा खराच धरला जातो.

सेन्सर बदलला. मग डिपस्टिक काढून नाकाशी नेली, तर ऑईललाही पेट्रोलचा वास. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑईल धुऊन खाली उतरतं आणि वंगण पातळ करतं. तेव्हा ऑईलही त्याच दिवशी बदलून घेतलं.