मुक्तबंदी पुनर्वसन

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला घर, काम, कागदपत्रे आणि चारचौघांतली जागा पुन्हा मिळावी म्हणून जे काम चालते, त्याला मुक्तबंदी पुनर्वसन म्हणतात. सरकारी मराठीत त्याला ‘अनुरक्षण’ असा एक जुना शब्द आहे. महाराष्ट्रात तुरुंग गृह विभागाकडे येतात, तर सुटलेल्यांची जबाबदारी महिला व बालविकास विभागाच्या परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांकडे असते. तुरुंगाचे फाटक ओलांडले की माणसाचे खाते बदलते आणि बरेच जण नेमके या सांध्यातच निसटतात.

सुटका बहुधा अवेळी होते. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर जामिनाचे आदेश टाकायची पेटी प्रसिद्ध आहे; संध्याकाळी ती शेवटची उघडण्याआधी कागद पडला नाही, तर आणखी एक रात्र आत. बाहेर पडताना दाखल होतेवेळी जमा केलेल्या वस्तू सही करून परत मिळतात. त्या वेळचे कपडे, पाकीट, बंद पडलेला मोबाइल. त्यातले सिमकार्ड चालत नाही, नातेवाइकांचे नंबर पाठ नसतात. न्यायला कोणी आलेले नसेल, तर पहिला प्रश्न पुनर्वसनाचा नसतो, रात्री जायचे कुठे याचा असतो.

सरकारी योजना आखताना डोळ्यांसमोर असतो तो शिक्षा भोगून सुटलेला ‘पक्का’ कैदी. प्रत्यक्षात 2022 अखेर देशातल्या 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक ‘कच्चे’, म्हणजे खटला अजून न संपलेले न्यायाधीन होते. त्यांना सक्तमजुरी नसते, त्यामुळे मजुरीही साठत नाही. कारखान्यातले प्रशिक्षणही मुख्यतः शिक्षाबंद्यांसाठीच. निर्दोष सुटलेल्याला तर ‘मुक्तबंदी’ म्हणणेही अवघडच, पण त्याची नोकरी गेलेली असते ती असतेच. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहिलेले वेगळे. त्यांच्यासाठी केंद्राने 2023 मध्ये गरीब बंद्यांना साहाय्याची योजना आणली. तीत सुरुवातीला जामिनासाठी 40,000 आणि दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती.

या कामाचा महाराष्ट्रातला ठळक प्रयोग म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा 1990 मध्ये सुरू झालेला प्रकल्प. त्यातले सामाजिक कार्यकर्ते तुरुंगात जाऊन बंद्यांना भेटतात, घरच्यांशी तुटलेला संपर्क जुळवतात, वकिलाशी गाठ घालून देतात आणि सुटल्यावर काम शिकण्याच्या काळात पाठीशी राहतात. पुनर्वसन आतूनच सुरू करावे लागते, ही त्यामागची धारणा. न्यायमूर्ती मुल्ला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने (1980–83) अनुरक्षणाचा आग्रह धरला होता. कागदावर तो आजही आहे.

आतल्या कामाची बाहेर किती किंमत होते, हा सगळ्यात नाजूक भाग. नाशिक रोड कारागृहात गणेशमूर्ती घडतात, कोल्हापूरच्या कळंबा कारागृहातल्या बंद्यांनी अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू वळले आहेत. लाडू खाताना कोणी मागे-पुढे पाहत नाही. तेच लाडू वळणारा उद्या मिठाईच्या दुकानात काम मागायला गेला तर काय होईल, हे सांगायला नको. बंद्याने केलेल्या कामाची न्याय्य मजुरी द्यावी आणि तिचा काही भाग पीडितांच्या भरपाईसाठी बाजूला काढावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये म्हटले. या मजुरीच्या भरवशावर कर्ज देणारी राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना 1 मे 2022 रोजी येरवड्यात सुरू झाली. 50,000 रुपयांपर्यंतचे हे कर्ज 7 टक्के व्याजाने मिळते आणि त्याची फेड तुरुंगातल्या कमाईतून होते. पैसा मुलांच्या फीसाठी किंवा घरखर्चासाठी जातो. सुटून आल्यावर घर उभे असावे, हाही पुनर्वसनाचाच भाग.

नोकरीत आडवी येते ती चारित्र्य पडताळणी. गुन्ह्याची माहिती दडवली म्हणून निवड आपोआप रद्द करू नये, गुन्हा किती गंभीर आणि पद कोणते हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितले. तो निकाल सरकारी भरतीपुरता. सुरक्षारक्षक पुरवणारी एजन्सी एवढ्या बारकाव्यात शिरत नाही.

गावाकडे अडचण निराळी. भावकीतल्या खुनात शिक्षा झालेला माणूस परततो तेव्हा मयताचे घर दोन दारे सोडून असते. त्यामुळे शिक्षेच्या काळात मिळणारी संचित (फर्लो) किंवा अभिवचन (पॅरोल) रजा ही एक प्रकारे परतीची रंगीत तालीम ठरते. त्याआधी स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो आणि गावाचे मन त्यातच कळते. अनेक जण शेवटी गाव सोडून औद्योगिक वसाहतीजवळ खोली करतात.

या सगळ्याच्या उलट दिशेने गेलेली गोष्ट आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरची. औंध संस्थानात पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून, राजे भवानराव पंतप्रतिनिधींच्या पाठिंब्याने 1930च्या दशकाच्या अखेरीस ही खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी भिंतीविना शेती करत आणि कुटुंबासह राहत. इथे सुटकेनंतर घरी परतायचे नव्हते, घरच कैद्याकडे आले होते. ‘दो आंखें बारह हाथ’ (1957) या चित्रपटाचा उगम इथलाच.

शिक्षा न होताच गुन्हेगार ठरलेल्यांचा इतिहासही या नोंदीत यायला हवा. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या समाजांवर जन्मतःच शिक्का मारला. सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात, ‘सेटलमेंट’मध्ये ठेवले गेले. 31 ऑगस्ट 1952 रोजी हे समाज विमुक्त झाले. पण तुरुंगांच्या नियमावल्यांत ‘सराईत’ म्हणून त्यांचा उल्लेख उरला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवला. अशा वस्तीतला तरुण सुटून आला, तरी पुढच्या चोरीच्या तपासात पोलीस त्याच्याच पालावर येतात.

बायकांचे परतणे सर्वांत कठीण. पुरुषाला तुरुंगात भेटायला आई, बायको, बहीण येते. बाईला भेटायला फार थोडे येतात, आणि सुटेपर्यंत नवऱ्याने कधी कधी दुसरे लग्न केलेले असते. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर तुरुंगात राहू शकते. त्यानंतर ते नातेवाइकांकडे किंवा बालगृहात जाते. सुटलेल्या आईला ते परत हवे असेल, तर बालकल्याण समितीपुढे उभे राहून कुठे राहते आणि काय कमावते हे दाखवावे लागते. भाड्याने खोली घ्यायची तर घरमालक आधार कार्ड मागतो, आणि तिच्या आधार कार्डावर पत्ता सासरचा असतो.